वाटाड्याला कसं अडकवावं

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.४०

(ठरलं होतं पाच. गजर झाला, मी तो ऐकलाही. पण अर्धवट झोपेत डोकं जास्त चालतं असं कुठेतरी वाचलंय, म्हणून पडल्या पडल्याच काम केलं.)

नवी वही. ही कुणाला दाखवायची नाही. त्यामुळे इथे फक्त खरं लिहायचं.

संकल्प: पाचला उठणे. रोज चार पानं. चहात अर्धाच चमचा साखर. वाटाड्याला संपवणे.

बाकीचे इकडेतिकडे झाले तरी चालेल, शेवटचा नाही. सहा वर्षं झाली या वाटाड्याला. डोंगरात हरवलेल्या माणसांना शोधून आणणारा हीरो. साप्ताहिकात दर आठवड्याला एक प्रकरण. एका आठवड्यात मी त्याला अडकवतो, पुढच्या आठवड्यात वहिनी त्याला सोडवते. शनिवारी जिन्यात पानांची देवाणघेवाण, बुधवारी वहिनी बसने कचेरीत जाऊन पानं संपादकांच्या हातात देते. तिने मला काही विचारायचं नाही, मी तिला काही सांगायचं नाही. आणि एक कडक नियम, माझाच: माझ्या प्रकरणात नसलेली एकही वस्तू, एकही माणूस सुटकेसाठी आणायचा नाही. मी दोरी दिली नसेल तर दोरी नाही.

पत्रं मात्र सगळी वहिनीला. काय सुटका केलीत, डोळ्यांत पाणी आलं वगैरे. काय अडकवलंत, असं सहा वर्षांत एका माणसाने लिहिलं, आणि तोही चिडून.

वहिनी एकदा जरी म्हणाली की सुटत नाही, तर मालिका तिथेच संपते आणि शेवटचा शब्द माझा. हेही पहिल्याच वर्षी ठरलंय. मग मी माझी कादंबरी लिहायला मोकळा. तिचं पहिलं वाक्य अकरा वर्षं तयार आहे.

खोलीत उजेड नीट येत नाही. टेबल खिडकीशी हवं. दादाला सांगतो.

मंगळवार, ५ मार्च. दुपार

आज मोठा शोध लागला.

आतापर्यंत माझं चुकलं कुठे? वाटाड्यातलं कच्चं काय ते शोधत बसलो. त्याच्यात कच्चं काही नाहीच. (साहजिक आहे. त्याला मी माझ्यावरून रंगवलाय.) त्यामुळे वहिनी दर वेळी त्याच्या एखाद्या गुणाला धरून त्याला बाहेर ओढते. तेव्हा आता गुणांवरच हात टाकायचा. गुण काढून घ्यायचे नाहीत. वापरायचे.

तो शब्द मोडत नाही. मग शब्द घ्या आणि निघून जा.

कुणी हाक मारली की जातो. मग हाका मारा.

दुखलं तरी बोलत नाही. मग कुणाला कळणारच नाही. हे तर फारच सोयीचं.

कुणावर संशय घेत नाही. (याचं काय करायचं ते नंतर बघू.)

त्यासाठी नवा खलनायक. बंदूक नाही, गडगडाटी हसणं नाही. मऊ बोलणारा, कायम काहीतरी अडलेला माणूस. नाव ठेवलं गरजू. तो वाटाड्याच्या केसालाही धक्का लावत नाही. नुसती मदत मागतो. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. कुठून सुचतं मला हे, देव जाणे.

दादाने टेबल खिडकीशी लावून दिलं. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत येतं हे लावल्यावर कळलं.

गुरुवार, ७ मार्च. ९.१५

घराची रचना लिहून ठेवतो, पुढे चरित्रकाराला उपयोगी पडेल. तळमजल्यावर दादाचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. पहिल्या मजल्यावर दादा-वहिनी. दुसऱ्यावर मी, तात्पुरता. नऊ वर्षं झाली.

खालून माझ्या खोलीपर्यंत चौतीस पायऱ्या. दादाला हाक मारली की खालून "आलोच" येतं आणि पाठोपाठ दादा येतो. हल्ली या दोन गोष्टींत अंतर पडायला लागलंय. जानेवारीत डॉक्टरांनी त्याच्या छातीचा आलेख काढला आणि जिने व वजनं दोन्ही बंद करायला सांगितली. वजनकाटेवाल्याला वजन उचलू नका म्हणे. डॉक्टर लोकांना काय जातं बोलायला.

टेबल खिडकीपासून भिंतीशी. आता बरं वाटतंय. एक पान झालं. (चार ठरली होती, पण हे एक चार पानांच्या तोलाचं आहे.)

शनिवार, ९ मार्च

पहिला सापळा वहिनीच्या हातात दिला. गरजूने वाटाड्याच्या हातात दोरी दिली आणि शब्द घेतला: मी येऊन घेईपर्यंत सोडू नकोस, दुसऱ्या टोकाला माझा जीव आहे. मग गरजू घरी जाऊन झोपला. वाटाड्या कड्यावर दोरी धरून उभा. एक दिवस, दोन दिवस. हाताची सालं निघाली. सोडली तर शब्द मोडला, नाही सोडली तर मेला.

जिन्यात पानं देताना मी मुद्दाम काही बोललो नाही. नुसता हसलो. वहिनीने विचारलं, पोट बरं आहे ना.

शनिवार, १६ मार्च

सोडवला.

दोरी सोडलीच नाही त्याने. गुंडाळत गुंडाळत, हातावर हात टाकत दोरीच्या मागे चालत गेला तो थेट गरजूच्या दारात. दार वाजवलं आणि म्हणाला, घे तुझी दोरी. संपलं प्रकरण. साडेचार पानांत.

म्हटलं तर साधी गोष्ट आहे. म्हटलं तर माझ्याच दोरीने माझं नाक कापलं. मला वाटतं, या आठवड्यात मला थोडी सर्दी होती आणि साखर कमी केल्यामुळे मेंदूला पुरेसं मिळालं नाही. उद्यापासून दीड चमचा.

सोमवार, १८ मार्च. संध्याकाळ

संशोधन. लेखकाने कल्पनेवर विसंबून राहू नये. हाकेला धावणारा माणूस किती हाकांना धावतो? कुठे थांबतो? आकडा हवा. योग्य माणूस घरातच असल्यामुळे प्रयोग सोपा गेला.

सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. एकूण हाका अकरा. खिडकीचं बिजागर, पेन टेबलाखाली गेलं, घड्याळ मागे आहे की पुढे, चष्मा (डोक्यावर होता), टेबल भिंतीपासून दाराशी, खिडकी उघड, खिडकी लाव, टेबल दारापासून परत भिंतीशी. बाकीच्या तीन आठवत नाहीत. नकार शून्य.

निरीक्षणं फार मोलाची मिळाली. पाचव्या हाकेपर्यंत "आलोच" खणखणीत. सातव्यापासून आवाज खालच्या पट्टीत. आठव्या वेळी मी जिन्याच्या तोंडाशी आडून पाहिलं. दादा माझ्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबला होता, एक हात कठड्यावर, दुसरा छातीवर सपाट ठेवलेला, खिशातलं काहीतरी पडू नये म्हणून धरावा तसा. ओठ मिटलेले. वीसपर्यंत मोजलं मी. मग चेहरा नीट केला आणि वर आला. वर आल्यावर हसून म्हणाला, बोल.

चेहरा नीट केला, हे फार सुंदर आहे. असं निरीक्षण टेबलाशी बसून सुचत नाही. लगेच टिपून ठेवलं.

दादाला म्हटलं, दमलास का रे? म्हणाला, छे. मी विचारलं होतं याची इथे नोंद असावी.

शनिवार, २३ मार्च

दुसरा सापळा दिला. सात पानं, सलग, एकाही खाडाखोडीशिवाय. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. गरजू डोंगराच्या माथ्यावर राहतो आणि दिवसभर वाटाड्याला हाका मारतो. अकरा हाका. प्रत्येक हाक इतकी क्षुल्लक की नाही म्हणायला लाज वाटावी. सहाव्या वळणावर वाटाड्या थांबतो, छातीवर हात सपाट. चेहरा नीट करतो. चढतो. खाली माणसं आहेत, त्याने वाचवलेलीच, पण त्याने कुणाला सांगितलंच नाही तर कळणार कसं?

वहिनीने या वेळी पानं जिन्यातच वाचायला घेतली. असं ती करत नाही. मी वर आलो तरी ती तिथेच उभी होती.

रविवार, २४ मार्च. सकाळी ११

वहिनी वर आली. पानं हातात. तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या पानावर तिने एकेक शब्द लाल शाईने अधोरेखित केला होता. तीनही ठिकाणी मी "वाटाड्या" असं लिहायच्या ऐवजी "दादा" असं लिहून गेलोय.

घाईत होतं असं. मोठमोठ्या लेखकांचं होतं. मी म्हटलं, मुद्रितं तपासणाऱ्याचं काम तुम्ही कशाला करता. तिने ते ऐकलंच नाही. म्हणाली, "भाऊजी, हे सहाव्या पायरीवर थांबतात?"

मी म्हटलं, निरीक्षण आहे.

"किती दिवसांपासून?"

म्हटलं, तसं ठाम सांगता येणार नाही, मी पहिल्यांदा पाहिलं सोमवारी. ती माझ्या टेबलाकडे बघत राहिली. लाकडी, जुनं, चार खणांचं. मग म्हणाली, मला म्हणाले डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि सगळं ठीक आहे. मी म्हटलं, मग ठीकच असेल. ती खाली गेली.

सापळ्याबद्दल चकार शब्द नाही. कसा आहे, चांगला, वाईट, काही नाही. हिरमोड झाला.

बुधवार, २७ मार्च. संध्याकाळ

संपादकांचा फोन. सहा वर्षांत पहिल्यांदा थेट मला! वहिनीने आज सकाळी पानं पोचवली, ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली म्हणे. गरजू त्यांना फार आवडला. "इतका खरा खलनायक आपल्याकडे आलाच नव्हता. त्याला आपण वाईट आहोत हे माहीतच नाही, हेच भयंकर आहे. कुठून आणलात हा?" मी नम्रपणे म्हटलं, निरीक्षण.

आनंदात दादाला हाक मारली. सांगायचं होतं, आणि टेबल जरा तिरकं करायचं होतं. "आलोच" आलं नाही. नुकतीच परतलेली वहिनी आली. काय हवंय, भाऊजी? म्हटलं, काही नाही. तासाभराने पुन्हा हाक मारली. पुन्हा वहिनी. ओढणीला हात पुसत, जिना चढून, काय हवंय. मला काय हवं होतं तेच आठवेना. तिसऱ्यांदा मारली तेव्हा दादाच्या शेजारच्या दुकानातला शिंपी आला, गळ्यात मोजपट्टी घेऊन. वहिनींनी पाठवलं म्हणाला. माझी त्याच्याशी ओळखसुद्धा नाही. तो येऊन उभा राहिला, मी त्याला आजचं हवामान विचारलं.

एकंदर चार दिवसांत मी चार वेळा स्वतः खाली गेलो. गुडघे दुखताहेत. अशा वातावरणात लिहायचं कसं?

शनिवार, ३० मार्च

सोडवला. अर्थातच.

माझ्याच प्रकरणातली खालची माणसं. वाटाड्या काही बोलला नाही, पण कुणीतरी त्याला सहाव्या वळणावर पाहिलं. मग गावाने डोंगराच्या पायथ्याशी पाळ्या लावल्या. गरजूने हाक मारली की कधी सुतार वर जातो, कधी म्हातारी, कधी शाळामास्तर. काय हवंय? गरजूला काही आठवत नाही. दोन दिवसांत त्याच्या हाकाच बंद.

कबूल करतो, चिडलो. हे वाङ्मय नाही, हा टोमणा आहे. घरातली भांडणं कथेत आणू नयेत एवढं साधं भान हवं. मी कधी आणत नाही.

तरी एक धडा मिळाला. वाटाड्याभोवती माणसं आहेत तोवर त्याला हात लावता येणार नाही.

मंगळवार, २ एप्रिल. दुपारी ४

सापडलं. दिवसभर खोलीत येरझाऱ्या घातल्या (व्यायामही झाला).

गरजू घाई करत नाही. तो वाट बघतो. आठवड्यातून एक दिवस गाव बाजाराला जातं. त्या दिवशी डोंगरावर दोघंच: तो आणि वाटाड्या. प्रकरणात तिसरं माणूस नाही, म्हणजे वहिनीलाही आणता येणार नाही. नियम म्हणजे नियम. त्या दिवशी तो हाक मारतो. कामसुद्धा मोठं नको. अंगणातला दगड या बाजूचा त्या बाजूला, एवढंच.

आणि ते राहिलेलं, चौथं: तो संशय घेत नाही. त्यामुळे तो येणारच.

सलग लिहायला हवं. उद्या. टेबल मात्र असं भिंतीकडे तोंड करून चालणार नाही. दाराकडे पाठ हवी, तरच मन लागतं.

बुधवार, ३ एप्रिल. १०.१०

वहिनी बसला गेली. जाताना दादाला बजावून गेली की वर जायचं नाही. मी वरून ऐकलं. दादा "हो हो" म्हणाला.

१०.५०

वीस मिनिटं प्रयत्न केला. एक ओळही नाही. टेबल स्वतः हलवून पाहिलं, हललं असतं, पण माझी पाठ नाजूक आहे. दादाला हाक मारली. खरंच लहानसं काम आहे, दोन मिनिटांचं. "आलोच" आलं. हळू आलं, पण आलं.

११.३०

टेबल फिरवलं. एकट्याने. मी खण धरले होते, ते सुटू नयेत म्हणून. फिरवून झाल्यावर दादा म्हणाला जरा बसतो, आणि भिंतीला टेकून खालीच बसला. खुर्ची दे म्हटलं तर नको म्हणाला. रंग जरा उतरलाय. कपाळावर घाम. उन्हाळा लागला आता. पाणी देऊ का विचारलं, तर म्हणाला, नको, तू लिही. तुझी लिंक तुटेल.

किती समजूतदार आहे. लिहितो.

१.२०

संपलं! नऊ पानं! पेन थांबलंच नाही. वाटाड्या येतो, दगड हलवतो, झोपडीच्या भिंतीला टेकून बसतो. काही होतंय असं तो म्हणत नाही, कारण तो कधीच म्हणत नाही. गरजू त्याच्याकडे पाठ करून आपलं काम करत बसलाय. बस्स. शेवटचं वाक्य इथे उतरवत नाही, पण ते वाचून मलाच भीती वाटली.

वळून बघितलं तर दादाला झोप लागलीये. मान एका बाजूला. शर्ट घामाने चिकटलाय. उठवलं नाही. दमलेल्या माणसाला झोपू द्यावं. वहिनी चारला येईल तोवर उठेलच तो.

गुरुवार, ४ एप्रिल

हॉस्पिटल. लिहायला वेळ मिळाला नाही.

संपादक जागेवर नव्हते म्हणून वहिनी दोनलाच परत आली. दुकान उघडं, दादा नाही. ती थेट वर. दारात उभी राहून तिने त्याला एक हाक मारली. मी तिला म्हणणार होतो हळू, झोपलाय. दादाने उत्तर दिलं नाही. तिच्या हाकेला तो कधी उत्तर देत नाही असं झालेलं नाही.

मग शिंपी आला, आणखी दोघं आले. खुर्चीत बसवून त्याला चौतीस पायऱ्या उतरवलं. मी दार धरलं.

मोठा झटका आहे म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साधारण साडेअकरा. डॉक्टर म्हणाले, आणि तुम्ही आणलंत अडीचला. त्यांचा हिशेब बरोबर होता. मी समजावून सांगायला लागलो की तो झोपला होता असं वाटलं, पण त्यांना घाई होती.

या वयात हे होतंच. त्यात त्याच्या कामाचं स्वरूप, लोखंडी वजनं, वीस-वीस किलोची. डॉक्टरांचाही जानेवारीतला सल्ला पुरेसा स्पष्ट नव्हता. आणि टेबल मी तीन वर्षांपूर्वीच विकायचं म्हणत होतो, दादाच म्हणाला राहू दे.

शनिवार, ६ एप्रिल. सकाळी १०

आज शनिवार. पानं द्यायचा दिवस. खूप विचार केला. कामात मन रमलं की दुःख हलकं होतं, आणि वहिनीसाठी हेच योग्य, असं ठरवून हॉस्पिटलात पानं घेऊन गेलो. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसली होती. तीन दिवस तेच कपडे.

तिने पानं घेतली. मला वाटलं फेकेल. तिने वाचली. नऊच्या नऊ, एकेक ओळ, घाई न करता. आठव्या पानावर परत मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग पानं सारखी केली, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिली.

"यातून तो सुटत नाही, भाऊजी," ती म्हणाली. "प्रकरणात दुसरा माणूस एकच आहे, आणि तो वळून बघत नाही. मी कुठून सोडवू?"

जिंकलो.

सहा वर्षांनी. तिच्या तोंडून. हे इथे लिहून ठेवायला हवं म्हणून लिहितोय. घरी येऊन कादंबरीची वही काढली. पहिलं वाक्य वाचलं. फारसं चांगलं नाही ते.

सोमवार, ८ एप्रिल. दुपार

संपादकांचा फोन. त्यांना दादाचं कळलंय. नवा सापळा मी फोनवरच सांगितला. म्हणाले, उद्यापर्यंत काहीतरी द्या. एकतर वाटाड्याचा मृत्यू छापू, नाहीतर सुटका. वहिनींना या वेळी त्रास देऊ नका, तुम्हीच लिहा.

मी! म्हटलं त्यात काय. सापळा लावणाऱ्याला किल्ली कुठे आहे ते माहीतच असतं. सकाळपासून बसलोय.

वाटाड्याने ओरडावं? ओरडणार नाही, माझीच यादी आहे. गावाने लवकर परतावं? नियमात बसत नाही. दगड, झोपडी, भिंत, काही उपयोगाचं नाही. दोन तासांनी ध्यानात आलं की वहिनी म्हणते तेच खरं. एकच माणूस आहे. गरजू. त्याने फक्त मान फिरवायची. पेन खाली ठेवायचं आणि मान फिरवायची. बाकी सगळं त्यातून आपोआप होईल.

अकरा वेळा लिहिलं, "गरजूने वळून पाहिलं." अकरा वेळा खोडलं. पटत नाही. त्याच्या स्वभावातच नाही ते. तो का वळेल? त्याचं काम तर चाललंय.

मला रडू आलं. का ते कळलं नाही. खूप वेळ आलं. गरजू कोण आहे ते मला माहीत आहे, असं एक वाक्य लिहिलं होतं इथे, ते खोडलंय. नको, ठेवतो. माहीत आहे.

दादा शुद्धीवर आलाय, असा शिंप्याचा निरोप. उद्या पाच मिनिटं भेटू देतील.

संकल्प: उद्या दादाकडे काहीही मागायचं नाही. नुसतं बसायचं. हा एकच संकल्प. बाकीचे सगळे रद्द.

मंगळवार, ९ एप्रिल. संध्याकाळ

पाचला उठलो. खरंच पाचला.

दोन दिवस वर नळाला पाणी नाही. मोटर दादाच चालवतो, तिचं बटण कुठे आहे ते मला माहीत नाही. तोंड न धुताच गेलो.

दादा लहान दिसतो त्या पलंगावर. नळ्या लावल्यात. हाताला सुई. मी स्टुलावर बसलो. ठरल्याप्रमाणे बसलो नुसता. वहिनी पलीकडच्या बाजूला उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही. दोन मिनिटं अगदी छान गेली. मी त्याच्या पायावर हात ठेवला. असा मी कधी ठेवला नव्हता.

मग त्याने डोळे उघडले. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर तो चेहरा नीट करायला लागला. ओठ हलले, म्हणून मी कान जवळ नेला.

"काही हवं होतं का तुला?"

मी नाही म्हणालो, असं इथे लिहिणार होतो. सुरुवातही केली होती. पण ही वही मीच वाचणार आहे.

विचारलं. मोटरचं बटण कुठे असतं ते विचारलं.

त्याने सांगितलं. जिन्याखाली, लाल डब्यात, खालचं. पण आधी झडप उघडायची, ती जड आहे, तुला जमणार नाही, असं म्हणून तो कोपरावर उठायला लागला. मशीन वाजायला लागलं. नर्स धावत आली. वहिनीने दोन्ही हातांनी त्याचे खांदे धरून त्याला परत निजवलं आणि तसेच धरून ठेवले. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. मीच गेलो.

घरी आलो. झडप उघडली. जड नाही, दोन बोटांनी फिरते.